पांढरा मार्क

माझं काम चुका शोधण्याचं. चाकणच्या एका कंपनीत बावीस वर्षं मी फायनल इन्स्पेक्शनला आहे. आमच्याकडे बोल्ट आवळणारा माणूस आवळून झालं की पिवळ्या पेंट मार्करने एक रेघ ओढतो, बोल्टच्या डोक्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत. मग चेक करणारा पाना लावून बघतो आणि शेजारी पांढरी रेघ ओढतो. पिवळी म्हणजे ‘मी आवळला’, पांढरी म्हणजे ‘मी पाहिला’. पांढरी रेघ पडली की त्या बोल्टला कुणी हात लावत नाही, तो विषय संपला. माझं घर त्या पांढऱ्या रेघेवर चालतं. सवय अशी जडली आहे की लिफ्टमध्ये शिरलो तरी आधी पॅनेलच्या स्क्रूकडे नजर जाते. बायको म्हणते, देवळात गेलात तरी तुम्ही घंटेचा नट बघाल. खोटं कशाला बोलू, बघतो.

दुसरी गोष्ट म्हणजे राग. तो माझ्या नाकावरच असतो. कंपनीत लोक मला टरकून असतात आणि त्यामुळे माल चांगला जातो, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो.

संत तुकाराम नगरातल्या आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये मुलांची एक रोबोटिक्स टीम होती. माझा मुलगा तिच्यात होता म्हणून मी गेलो; तो दोन वर्षांनी कॉलेजात गेला आणि मी मात्र तिथेच राहिलो. पाच मुलं, मंगळवार-गुरुवारची संध्याकाळ आणि रविवारची सकाळ. टेबल टेनिसचं टेबल भिंतीला लावायचं, फोमचे चौकोनी तुकडे जमिनीवर अंथरायचे आणि कामाला लागायचं. कोडिंगमधलं मला ओ की ठो कळत नाही, ते मुलं आपापलं करायची. मी त्यांना लोखंडाची शिस्त लावली. पिवळा मार्कर मुलांकडे, पांढरा माझ्या खिशात. पांढऱ्या रेघेशिवाय रोबो मैदानावर जाणार नाही, असा मी नियमच करून टाकला होता आणि त्याचा मला फार अभिमान होता.

त्या पाचांत एक मुलगी होती, दहावीतली. पिंपळे गुरवहून यायची. बोलायची कमी. पण हातात एलन की, म्हणजे षटकोनी पाना, आला की बाकीची मुलं आपोआप बाजूला सरायची. कुठला बोल्ट किती आवळला की अॅल्युमिनियम वाकतं, हे मला शिकायला तीन वर्षं लागली होती. तिला ते तीन आठवड्यांत कळलं. मी तिचं कौतुक तोंडावर कधी केलं नाही. आमच्या खात्यात तशी पद्धत नाही. चुकलं की बोलायचं, बरोबर असेल तर पुढचा जॉब घ्यायचा.

तिचे वडील लातूरकडचे. तेही चाकणलाच, एका पत्रा दाबणाऱ्या प्रेस शॉपमध्ये कंत्राटावर ऑपरेटर. तिला दहावीनंतर मेकॅनिकलचा डिप्लोमा करायचा होता आणि त्यांच्या मनात घराजवळच्या कॉलेजातली अकरावी होती. दिवाळीनंतर एकदा ते तिला सोडायला क्लबहाउसला आले, चपला दाराबाहेर काढून आत उभे राहिले. मी खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

“साहेब,” ते म्हणाले, “मी वीस वर्षं मशीनसमोर उभा हाय. उन्हाळा-पावसाळा, दिवसपाळी-रातपाळी. तिथं आमाला काय किंमत हाय ते मला ठावं हाय. लेकरू म्हणतंय त्याच लाइनला जायचं. आता तुमची ती स्पर्धा हाय म्हणं. मी येतो. तिला तिथं काय किंमत हाय ते डोळ्यांनं बघतो, मंग ठरवतो फॉर्म भरायचा का न्हाई.”

मी म्हणालो, या की, अवश्य या. मनातून मला वाटलं, बरं झालं, माझी शिस्त यांनाही दिसेल.

ज्यांनी हा खेळ कधी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बारा फूट बाय बारा फुटांचं मैदान, भोवती गुडघाभर उंचीची पारदर्शक भिंत. एका बाजूला लाल गट, दुसऱ्या बाजूला निळा. प्रत्येक गटात दोन टीमचे दोन रोबो, म्हणजे ज्यांना सकाळी तुम्ही हरवलंत तेच दुपारी तुमचे जोडीदार असू शकतात. मैदानावर प्लॅस्टिकचे चेंडू पसरलेले असतात, ते उचलून उंचावरच्या टोपलीत टाकायचे. पहिली तीस सेकंदं कुणी कशाला हात लावायचा नाही, रोबोने स्वतःच्या अकलेने जे करायचं ते करायचं. मग शिटी होते, मुलं रिमोट उचलतात आणि पुढची दोन मिनिटं जो काही गोंधळ चालतो त्याला तोड नाही. शेवटच्या वीस सेकंदांत मैदानाच्या मध्ये असलेल्या आडव्या दांडीला हाताने लटकून रोबोने स्वतःला जमिनीवरून उचलायचं. लटकण्याला भरपूर गुण असतात. कित्येक सामने त्या वीस सेकंदांतच फिरतात.

आमचा एक मुलगा चाकं चालवायचा आणि ती मुलगी दुसऱ्या रिमोटवर रोबोचा हात. मी त्यांच्या पाठीमागे कोच म्हणून उभा. प्रत्येक टीमला एक मोठा माणूस तिथे उभा करायची मुभा असते. मी घड्याळाकडे बघून सेकंद ओरडायचो आणि उरलेल्या वेळात नुसताच ओरडायचो.

स्पर्धा एका कॉलेजच्या मोठ्या हॉलमध्ये होती, हिवाळ्यातल्या एका रविवारी. प्रत्येक टीमचे साखळीत पाच सामने. त्यानंतर जेवणाची सुट्टी आणि मग निवड: पहिल्या चार क्रमांकांच्या टीम कॅप्टन होतात आणि उरलेल्यांतून आपापला जोडीदार निवडतात. ज्यांना कुणी निवडत नाही त्यांनी सामान आवरून घरी जायचं. चार सामने झाले तेव्हा आम्ही तिसऱ्या नंबरवर होतो. पाचवा जिंकला की आम्ही कॅप्टन. मुलं चार्ज झालेली बॅटरीसुद्धा पुन्हा पुन्हा तपासत होती आणि माझी अवस्था काही वेगळी नव्हती, फक्त मी ती ओरडून लपवत होतो.

चौथ्या आणि पाचव्या सामन्याच्या मध्ये वीसेक मिनिटं होती. प्रत्येक टीमला सामान ठेवायला एक टेबल देतात, तिथे रोबो ठेवून मुलं बॅटरी बदलत होती. मुलगी रोबोच्या हाताच्या खांद्यापाशी काहीतरी करत होती. त्यात माझा फोन वाजला. कंपनीतून. रविवारच्या शिफ्टचा सुपरवायझर, एका लॉटचे पार्ट गिऱ्हाइकाकडे अडकलेले, तिकडून शिव्या चालू. मी फोन खांदा आणि कानाच्या मध्ये धरला, लॉट नंबर विचारला आणि खिशातून पांढरा मार्कर काढला. वेळ वाचवावा म्हणून बोलता बोलता एकेका बोल्टवर रेघ ओढत गेलो. पाना लावला का? काहींना लावला. कुणीतरी शेजारी येऊन उभं राहिलं. मी न बघता तळहात वर केला, थांब म्हणून. फोन संपला तेव्हा आमचं नाव पुकारलं होतं आणि रोबो गाडीवर चढला होता.

मैदानाकडे जाताना मी प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर नजर टाकली. तिचे वडील आले होते. रातपाळी करून तसेच आले असावेत, अंगात कंपनीचा टी-शर्ट, हातात डब्याची पिशवी. खालून तिसऱ्या पायरीवर ते उभे होते. मुलीने त्यांच्याकडे बघून हात हलवला नाही, फक्त मान किंचित हलवली.

पहिल्या तीस सेकंदांत आमच्या रोबोने चारपैकी तीन चेंडू टोपलीत टाकले. शिटी झाली. मुलाने रिमोट उचलला आणि रोबो सरळ समोरच्या कोपऱ्यात घुसवला, तिने हात खाली नेला, दोन चेंडू उचलले, वर नेले, टाकले. परत खाली. परत वर. निळ्या गटाचा एक रोबो मध्ये आडवा येऊन उभा राहिला. मी ओरडलो, “डावीकडून काढ, डावीकडून!” मुलगा आधी उजवीकडे गेला, मग डावीकडे. गुण जवळजवळ बरोबरीत होते. एक मिनिट राहिलं. पन्नास सेकंद. मी आकडे ओरडत होतो.

चाळीस सेकंदं राहिली असताना हात थोडा तिरका झाल्यासारखा मला वाटला. तिलाही वाटला असावा, कारण तिने तो क्षणभर थांबवला. मी ओरडलो, “थांबतेस काय, उचल!” तिने उचलला. खांद्यातून हात निसटला. आधी हळू, मग एकदम, आणि दोन चेंडूंसकट तो जमिनीवर पडला. पडला तो नेमका आमच्या जोडीदाराच्या रोबोच्या चाकांसमोर. तो रोबो त्यावर चढला, अडकला आणि त्याची चाकं जागच्या जागी फिरत राहिली. दांडीला लटकायला आमच्याकडे हात नव्हता आणि जोडीदाराला हलता येत नव्हतं. निळ्यांचे दोन्ही रोबो आरामात दांडीला लटकले. शेवटची वीस सेकंदं आम्ही नुसती बघत उभे राहिलो.

मुलाने रिमोट खाली ठेवला. मी मैदानात वाकून पडलेला हात उचलला, बाहेर आलो, आणि मला काही भान राहिलं नाही.

“हा बोल्ट कुणी आवळला?” मी तिला विचारलं. आवाज हॉलभर गेला असणार, कारण शेजारच्या टेबलांवरची कामं थांबली. “आवळला का नुसतीच रेघ ओढली? शाळेचा प्रोजेक्ट वाटला का हा? कंपनीत असतीस ना, तर आत्ता गेटच्या बाहेर उभी असतीस.”

ती “काका,” एवढंच म्हणाली आणि थांबली. तिची एक मूठ जॅकेटच्या खिशात होती. जोडीदार टीमची मुलं आमच्याकडे बघत होती. मला वाटलं, बघू देत, चूक झाली की बोलायलाच पाहिजे.

तिचे वडील पायऱ्या उतरून आले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “चल, माय.” तिने गळ्यातलं टीमचं कार्ड काढलं, टेबलावर ठेवलं आणि त्यांच्याबरोबर निघाली. मी त्यांना थांबवलं नाही. मला वाटत होतं की मी बरोबर आहे.

जेवणाची सुट्टी झाली. बाकीची मुलं वडापावच्या रांगेत गेली आणि मी टेबलापाशी तो तुटका हात घेऊन बसलो. कारण शोधायचं, हे मी रोज करतो. पहिल्यांदा बघायचा तो पिवळा मार्क, कारण तिथून माणूस सापडतो. निसटलेला बोल्ट हाताच्या भोकातच अडकून राहिला होता. मी तो उजेडात धरला.

त्याच्यावर पिवळी रेघ नव्हती.

फक्त पांढरी होती.

मी तो तीन-चार वेळा फिरवून पाहिला. मग शेजारचे बोल्ट पाहिले. प्रत्येकावर पिवळी आणि तिच्या बाजूला पांढरी. या एकावर पिवळी नाही. म्हणजे तिने तो आवळला नव्हता, म्हणूनच मार्क केला नव्हता. तिने माझी शिस्त अक्षरशः पाळली होती. आणि मी, बावीस वर्षांचा इन्स्पेक्टर, फोनवर बोलत बोलत न आवळलेल्या बोल्टवर ‘मी पाहिला’ असं लिहून मोकळा झालो होतो.

पुढचं सांगायला मला लाज वाटते, पण ते गाळलं तर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. टेबलावर थिनरची बाटली होती आणि पुसायचं फडकं होतं. मी बाटलीचं झाकण उघडलं. एक बोट थिनर, एकदा फिरवलं की पांढरी रेघ गेली असती. मग बोल्टवर काहीच राहिलं नसतं आणि कुणाला काही कळलं नसतं. फडकं माझ्या हातात होतं.

तेवढ्यात दोन मुली आल्या, पहिल्या नंबरच्या टीमच्या. निवडीच्या आधी वरच्या टीमची मुलं वही घेऊन टेबलाटेबलाशी फिरतात, कुणाचा रोबो काय करू शकतो ते विचारतात. एकीने अगदी नम्रपणे विचारलं, “काका, तुमचा आर्म का पडला? दुरुस्त होईल का?”

“होईल,” मी म्हणालो. “असेंब्लीत चूक झाली. ज्या मुलीकडे ते काम होतं तिने बोल्ट नीट आवळला नव्हता.”

तिने वहीत लिहून घेतलं. ‘थँक यू काका’ म्हणून दोघी पुढच्या टेबलाकडे गेल्या.

खरं सांगायचं तर मी घाबरलो तो यानंतर. थिनरच्या बाटलीला मी नंतर काहीतरी नाव देऊ शकलो असतो, गोंधळ, ताण, काहीही. पण ते वाक्य माझ्या तोंडून किती सहज बाहेर आलं. ते मला सुचावं लागलं नाही, कारण ते पाठ होतं. रिजेक्शनच्या रिपोर्टमध्ये कारणाच्या रकान्यात मी ते किती वर्षं लिहीत आलोय: ऑपरेटरचा निष्काळजीपणा. त्यातले किती खरे होते आणि किती माझ्याच रेघा होत्या, हे आता मला कोण सांगणार होतं? मी बाटलीचं झाकण लावलं, बोल्ट खिशात टाकला आणि पार्किंगकडे धावत सुटलो. या वयात मी शेवटचा कधी धावलो होतो आठवत नाही.

ते अजून गेले नव्हते. पार्किंगच्या टोकाला कडुनिंबाखाली पार होता, तिथे दोघं बसले होते. तिने त्यांना आधी जेवायला लावलं होतं. डबा उघडलेला, वडील भाकरी मोडत होते, ती शेजारी गुडघे जवळ घेऊन बसलेली. मला बघून ती उठून उभी राहिली. त्या उठण्याने मला आणखी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“भाऊ,” मी म्हणालो. धाप लागली होती. “चूक तिची नव्हती. माझी होती. तिने हा बोल्ट मार्कच केला नव्हता. मी न बघता पांढरा मार्क मारला.” मी बोल्ट पुढे केला.

त्यांनी भाकरीचा हात टी-शर्टला पुसला आणि बोल्ट घेतला. त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. पिवळा-पांढरा त्यांच्या लाइनलाही असणारच. त्यांनी बोल्ट फिरवून पाहिला आणि मग मुलीकडे बघितलं.

“तुला ठावं व्हतं?”

तिने खिशातून मूठ काढून उघडली. आत एक नवा नट होता, आत प्लॅस्टिकची कडी असलेला. असे नट चार-पाच वेळा काढले-घातले की त्यांची पकड जाते.

“जुना नट धरत नव्हता,” ती म्हणाली. “नवा घालायचा होता, म्हणून मी बोल्ट नुसता हाताने लावून ठेवला. काकांना तेच सांगायला आले होते. काकांनी हात केला, थांब म्हणून. मग मी हा नवा नट आणायला दुसरीकडे गेले, परत आले तर पांढरा मार्क होता. मला वाटलं, काकांनी स्वतः नट बदलून आवळला.”

“मंग बोलली का न्हाईस तिथं?”

तिने मूठ परत मिटली. मी तिच्याकडे बघू शकत नव्हतो म्हणून डब्यातल्या ठेच्याकडे बघत राहिलो. वडिलांनी बोल्ट माझ्या हातात परत दिला.

“साहेब, हितं येऊन सांगितलाव, बरं केलाव. असं येऊन सांगणारा साहेब मी बघितला न्हाई. पण लेकराला बोललाव कुठं? तिथं. समद्यासमोर. मंग सांगायचं बी तिथंच.”

माझ्या तोंडाशी आलं होतं की सांगतो, पण आधी तिला तर येऊ द्या, वेळ कमी आहे, निवड सुरू होईल. मी ते गिळलं. हो म्हणालो. त्यांनी अर्धा डबा तसाच बंद केला, मुलीला म्हणाले, “चल,” आणि आम्ही तिघं परत हॉलमध्ये आलो. पार्किंगपासून दारापर्यंतचं ते अंतर मी आयुष्यात इतक्या सावकाश चाललो नसेन.

टेबलापाशी आमची चारही मुलं होती, तिघांचे आईबाप होते. जोडीदार टीमला मी बोलावून आणलं, कारण त्यांचाही सामना आमच्यामुळे गेला होता. वहीवाल्या दोन मुली दोन टेबलं पलीकडे होत्या, त्यांनाही बोलावलं. मग मी बोललो. कंपनीत सव्वाशे माणसांसमोर माइकशिवाय बोलणारा माझा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. मी म्हणालो, आर्म माझ्यामुळे पडला, हिने काम बरोबर केलं होतं, मी न तपासता पास केलं आणि वर हिलाच बोललो. मघाशी या दोघींना मी जे सांगितलं तेही खोटं होतं. बोल्ट टेबलावर ठेवला, ज्याला बघायचा त्याने बघावा म्हणून. आजूबाजूच्या टेबलांवरची मुलंही येऊन बघून गेली, त्यात चौथ्या नंबरची टीमही होती.

वहीवाल्या मुलीने मघाचं पान काढलं, एक ओळ खोडली आणि दुसरी लिहिली. आमच्या टीमच्या एका आईने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की तिने दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. जोडीदार टीमचा एक मुलगा हळूच म्हणाला, “इट्स ओके अंकल,” आणि त्याने मला जास्तच लागलं.

मुलीने तोवर कार्ड गळ्यात घातलं होतं. निवडीला दहा मिनिटं होती. तिने हात खांद्यात बसवला, नवा बोल्ट घेतला, नवा नट लावला, आवळला, पिवळी रेघ ओढली. मग तिने इकडेतिकडे पाहिलं. मी पांढरा मार्कर काढला आणि चाकं चालवणाऱ्या मुलाच्या हातात दिला. त्याने पाना लावून एकेक बोल्ट पाहिला. माझ्यापेक्षा दुप्पट वेळ लावला त्याने. मला मध्ये बोलावंसं वाटत होतं, मी जिभेला कुलूप लावून उभा राहिलो.

पाचवा सामना हरल्यामुळे आम्ही सहाव्या नंबरवर घसरलो होतो. आता कुणी निवडलं तरच पुढे. पहिल्या कॅप्टनने दुसऱ्याच टीमला बोलावलं. दुसऱ्यानेही. तिसऱ्या कॅप्टनने आपल्या वहीची पानं उलटली आणि आमच्या शेजारच्या टेबलाचं नाव घेतलं. मुलीने डोळे मिटून घेतले होते. चौथी कॅप्टन एक लहानखुरी मुलगी होती, तिने माइक दोन्ही हातांनी धरला आणि आमचा नंबर पुकारला. आमची मुलं उड्या मारायचंसुद्धा विसरली.

उपांत्य सामना एकच होता, हरलं की बाहेर. मी कोचच्या जागेवर उभा राहिलो, पण त्या सामन्यात माझ्या तोंडून अवाक्षर निघालं नाही. संयम वगैरे काही नव्हता, मला ओरडायचं तोंडच राहिलं नव्हतं. मूठ आवळून घड्याळ बघत होतो. मुलं एकमेकांशी बोलत होती, अगदी हळू. “आता?” “थांब.” “आता.” त्यांचा हा संवाद मी दोन वर्षांत कधी ऐकला नव्हता. शेवटची वीस सेकंदं सुरू झाली, त्याने रोबो दांडीखाली नेला, तिने हात वर केला, आकडा दांडीवर बसला आणि रोबो वर उचलला गेला. हात धरून राहिला. शिटी झाली तरी तो तिथेच लटकत होता. सरावातसुद्धा तो इतका नीट कधी लटकला नव्हता.

सामना आम्ही हरलो. समोरच्यांचे दोन्ही रोबो लटकले, आमच्या गटाचा एकच. सात गुणांनी गेला. मुलं रडली नाहीत. मीच पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर जाऊन आलो.

आवराआवर चालू असताना तिचे वडील टेबलाशी आले. आता ते माझ्याकडे बघून बोलले.

“डिप्लोमाला घालतो तिला,” ते म्हणाले. “त्या बारक्या पोरीनं तुमाला बोलावलं, तवा मी तिला जाऊन इचारलं, यांनाच का घेतलंस? ती म्हणली, चूक कुठं झाली ते यांना ठावं हाय, आन् यांची ती पोरगी आवळल्याबिगर बोल्टवर रेघ वढत न्हाई. एवढं बास मला.”

माझा जीव भांड्यात पडला. मी म्हणालो, “फॉर्मचं मी बघतो. आणि मंगळवारपासून पुढच्या वर्षीची तयारी...”

“न्हाई साहेब. हितं येणार न्हाई ती आता.”

“पण मी सगळ्यांसमोर सांगितलं ना,” मी म्हणालो. माझ्या आवाजात तक्रार होती, ती मला ऐकू आली.

“सांगितलाव. तुमचं मन मोठं हाय, मी न्हाई म्हणत न्हाई. पण आदी बोललाव आन् मंग बघितलाव. मी वीस वर्षं त्याच हिशोबात काढली. तिनं कशाला काढायची?”

मी मुलीकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती बोलेल. म्हणेल, पप्पा, तसे नाहीत काका. मी खरंच वाट पाहिली. ती पाने एकेक करून पेटीत लावत होती, लहान आधी, मोठे नंतर, मी शिकवल्याप्रमाणे. पेटी बंद करून तिने ती माझ्याकडे सरकवली.

“काका,” ती म्हणाली, “शेवटच्या वीस सेकंदांत चाकं चालवणाऱ्याला आकडे ओरडून सांगू नका. त्याचा हात थरथरतो. आज तुम्ही गप्प होतात, म्हणून रोबो लटकला.”

मी विचारलं, “मग हे आधी का नाही सांगितलंस?”

“सांगायला दोनदा आले होते,” ती म्हणाली आणि वडिलांच्या मागे निघून गेली.

मला त्या दोन्ही वेळा आठवत नाहीत.